ईशापूरची रायफल आणि पुलगावचे कोठार

गेल्या आगमनकाळात अमेरिकेतून एका तरुणाने मला एक छायाचित्र पाठविले. तो मूळचा वर्धा जिल्ह्यातील पुलगावचा. त्याचे वडील तेथील लष्करी दारूगोळा कोठारात तीस वर्षे कामगार होते. निवृत्त होऊन आता गावातच राहतात आणि रविवारची मिस्सा सहसा चुकवीत नाहीत. नाताळ तोंडावर आलेला, तेव्हा गव्हाणीचा देखावा असेल अशा समजुतीने मी छायाचित्र उघडले. ते निघाले एका बंदुकीचे. गडद रंगाचे लाकूड, नळीच्या टोकापर्यंत आलेले त्याचे वेष्टण, चौकोनी मॅगझिन, आणि दस्त्याच्या मुळाशी पोलादावर ठोकलेली अक्षरे : 'आर. एफ. आय.', १९६६. सोबत मजकूर होता, "फादर, ही आपल्या ईशापूरची आहे. इकडे जुन्या लष्करी रायफली दुकानात मिळतात. शनिवारी चांदमारीवर घेऊन जातो. बाबांना दाखवा." आणि शेवटी, अर्धवट थट्टेत, "हे पाप तर नाही ना?"

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला शिकविलेले उत्तर माझ्यापाशी तयार होते. वस्तू स्वतः पापी नसते. हेतू, कृती आणि परिस्थिती या तिन्ही बाजूंनी प्रश्न तपासावा. उत्तर बरोबर आहे. परंतु ते लिहून पाठवावेसे वाटेना. याचे एक कारण असे की, शाळेत असताना एन.सी.सी.च्या कवायतीत मीही याच घराण्यातील एक रायफल खांद्यावर वागविली आहे. ती कवायतीपुरतीच होती. तिच्या नळीला भोक पाडून तिला कायमची मुकी केलेली. तरी तिचे चार किलोंचे वजन, तेल पिऊन काळवंडलेले लाकूड आणि बोल्ट मागे ओढताना होणारा तो गुळगुळीत आवाज मला आजही आठवतो. चांगल्या सुताराने केलेल्या वस्तूविषयी जी ओढ वाटते तीच त्या वयात मला वाटली होती, हे कबूल केले पाहिजे. तेव्हा उत्तर देण्याआधी या रायफलीची कुळकथा नीट पाहावी असे मी ठरविले. ती पाहता पाहता मी आमच्याच जिल्ह्यात येऊन पोहोचलो.

एन्फिल्ड हे नाव भारतीय वाचकाला १८५७ पासून ठाऊक आहे. लंडनच्या उत्तरेस असलेल्या या गावी सरकारी शस्त्रकारखाना होता आणि तेथील रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी बंगालच्या फौजेत आग लावली. त्या उठावानंतर सरकारने दोन धडे गिरविले : तोफखाना हिंदी शिपायांच्या हाती द्यावयाचा नाही, आणि त्यांची बंदूक गोऱ्या सोजिराच्या बंदुकीपेक्षा एक पिढी मागची ठेवावयाची. म्हणजे 'जुनी लष्करी रायफल' ही वस्तू आपल्याकडे प्रथम संग्राहकाच्या कपाटात आली नाही. ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातात राज्यकर्त्यांच्या अविश्वासाची खूण म्हणून आली.

पुढची कथा जेम्स पॅरिस ली या गृहस्थाची. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि अमेरिकेत काम केलेला हा कारागीर. त्याने योजिलेला बोल्ट व पेटीवजा मॅगझिन यांच्या आधारे ब्रिटिशांनी १८८८ च्या सुमारास नवी रायफल स्वीकारली. १८९५ मध्ये तिचे 'ली-एन्फिल्ड' असे बारसे झाले आणि १९०७ साली तिला जे रूप आले त्या रूपात ती दोन महायुद्धे लढली. नळीचा व्यास एका इंचाच्या हजार भागांपैकी ३०३ भाग, म्हणून लोकांच्या तोंडी 'थ्री नॉट थ्री'. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, आणि सराईत शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढू शके. कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीच्या काठी ईशापूर येथे कंपनी सरकारच्या काळापासून बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. तेथेच १९०४ मध्ये रायफलीचा कारखाना सुरू झाला. बंगाली फिटर आणि लोहार ब्रिटिश आराखड्यावरून ही रायफल घडवू लागले. आपल्याकडच्या उष्ण व दमट हवेत लाकूड तडकते म्हणून ईशापूरच्या पुष्कळ रायफलींच्या लाकडातून एक आडवा स्क्रू आरपार घातलेला असतो. जगभरचे संग्राहक तेवढ्या एका स्क्रूवरून हिंदी रायफल ओळखतात. आमच्या तरुणाने पाठविलेल्या छायाचित्रातही तो दिसतो.

ईशापूरपासून जवळच डमडम. तेथील शस्त्रागारात १८९६-९७ च्या सुमारास टोक उघडे ठेवलेली एक गोळी तयार झाली. ती अंगात शिरली की फुलासारखी उमले आणि जखम भयंकर करी. वायव्य सरहद्दीवरचे पठाण साध्या गोळीने थांबत नाहीत, हे तिचे समर्थन होते. १८९९ च्या हेगच्या परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी आली. युद्धातही काही गोष्टी करू नयेत, हे विद्यापीठांतील नीतिशास्त्रज्ञ शतकानुशतके लिहीत आले होते; ते राष्ट्रांनी कागदावर मान्य करण्यास बंगालमधील एका छोट्या गावाचे नाव कारणी लागावे, हा इतिहासाचा विचित्र योग म्हणावा लागेल.

साधी गोळीही काही दयाळू नव्हती. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत पन्नास शिपायांनी याच थ्री नॉट थ्रीच्या १,६५० गोळ्या झाडल्या. हा आकडा अचूक ठाऊक आहे, कारण काडतुसांचा हिशेब ठेवला गेला होता. माणसांचा तसा ठेवला गेला नाही. सरकारने ३७९ मृत सांगितले. तो आकडा हिंदुस्थानाने कधी मान्य केला नाही.

स्वातंत्र्यानंतर रायफलीवरचा मुकुटाचा शिक्का जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. बाकी रायफल तीच राहिली. १९६२ साली नेफाच्या बर्फात आपले जवान हीच एकेक बार काढणारी रायफल घेऊन उभे होते. त्या पराभवानंतर ईशापूरने नवी स्वयंभरण रायफल घडविण्यास घेतली. पण ती सर्वांना पुरेपर्यंत काय करावयाचे? तेव्हा जुन्याच ली-एन्फिल्डचा आराखडा ठेवून, अधिक चांगल्या पोलादाची, ७.६२ मिलिमीटरची नवी गोळी घेणारी एक मधली रायफल काढण्यात आली. 'टू-ए' आणि 'टू-ए-वन' ही तिची सरकारी नावे. आमच्या तरुणाकडे आहे ती यांपैकीच दुसरी. तिचा आराखडा आजोबांच्या काळचा आणि गोळी नातवाच्या काळची.

सैन्याने टाकलेली रायफल कोठे जाते, हा खरा प्रश्न. आपल्याकडे ती पायरीपायरीने उतरते. सैन्याकडून पोलिसांकडे, पोलिसांकडून होमगार्ड व तुरुंगाच्या पहाऱ्याकडे, शेवटी शाळा-महाविद्यालयांच्या कवायतीकडे. पहाऱ्यासाठी ईशापूरने काही रायफलींच्या नळ्या आतून गुळगुळीत करून त्यांची ४१० बोअरची मस्केट बनविली, म्हणजे ती कोणी पळविली तरी लांबवर अचूक मारा करता येऊ नये. अविश्वासाची ती जुनी रीत येथेही डोकावते. २००८ च्या २६ नोव्हेंबरला मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांच्या स्वयंचलित बंदुकांसमोर काही पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री होत्या आणि काहींच्या हातात नुसत्या लाठ्या, हे आपण विसरलेलो नाही. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनी पाऊणशे वर्षांच्या नोकरीनंतर या रायफलीला २६ जानेवारी २०२० च्या संचलनात समारंभाने निरोप दिला. एखाद्या वृद्ध कर्मचाऱ्याला द्यावा तसा.

अमेरिकेत तिची वाट निराळी. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील देशांनी लक्षावधी जुन्या रायफली विकावयास काढल्या आणि अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी त्या जहाजे भरभरून नेल्या. टपालाने बंदूक मागविता येई. सामान्य कारकुनाला परवडेल असा तो छंद झाला : जुनी रायफल घ्यावी, तिच्यावरचे तेल-ग्रीस पुसावे, शिक्के वाचून ती कोणत्या कारखान्याची, कोणत्या सालची, कोणत्या रणांगणावरची हे शोधावे आणि सुटीच्या दिवशी चांदमारीवर चार गोळ्या झाडून पाहाव्यात. त्यांत पुष्कळ लोक निवृत्त सैनिक असतात आणि त्यांचे या वस्तूंविषयीचे ज्ञान आपल्याकडील नाणेतज्ज्ञांच्या ज्ञानाइतके बारीक असते. या मंडळींची टिंगल करण्यात अर्थ नाही. आमच्या तरुणाला ईशापूरचे नाव, तेथील कारागिरांचे कसब, त्या आडव्या स्क्रूचे प्रयोजन हे सर्व या छंदामुळेच कळले. पुलगावात वाढत असताना यातले त्याला काहीही माहीत नव्हते.

परंतु याच वाटेने १९६३ च्या मार्चमध्ये एक जुनी इटालियन रायफल टपालाने डॅलसला गेली. दुर्बिणीसह तिची किंमत होती १९ डॉलर ९५ सेंट. मागविणाऱ्याने खोटे नाव दिले होते. २२ नोव्हेंबरला त्याच रायफलीने अध्यक्ष जॉन केनेडी यांचा बळी घेतला. ते अमेरिकेचे पहिले कॅथोलिक अध्यक्ष. आमच्या वडीलधाऱ्यांच्या घरांतून त्यांचे चित्र परमपवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी लावलेले मी लहानपणी पाहिले आहे. मुसोलिनीच्या फौजेसाठी १९४० साली घडविलेली ती रायफल त्या युद्धात कोणाच्या हाती होती, तिने कोणाला मारले की नाही, याची इतिहासात नोंद नाही. तिचे सारे नाव झाले ते निवृत्तीनंतर. १९६८ मध्ये मार्टिन ल्युथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्याही हत्या झाल्या, तेव्हा कोठे अमेरिकेच्या संसदेने टपालाने बंदुका विकणे आणि लष्कराने टाकून दिलेली शस्त्रे परदेशातून आणणे यांवर बंदी घातली. दुसरी बंदी १९८० च्या दशकात सैल झाली आणि जुन्या रायफलींचा ओघ पुन्हा सुरू झाला. ईशापूरच्या रायफली याच दुसऱ्या लाटेत गेल्या. २००३ मध्ये तर काठमांडूच्या एका जुन्या राजवाड्यातील शस्त्रागारच्या शस्त्रागार परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतले. त्यात एकोणिसाव्या शतकातील मार्टिनी रायफली आणि त्याहून जुन्या ठासणीच्या बंदुका हजारोंनी होत्या.

आणि येथे वर्धेकरांना आठवावी अशी आणखी एक गोष्ट आहे. १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात येऊन राहिलेला आणि त्या गावाला सेवाग्राम हे नाव मिळवून देणारा म्हातारा ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत पडला, तो कोणत्या शस्त्राने? इटालियन सैन्यासाठी बनविलेल्या १९३४ च्या नमुन्याच्या बेरेटा पिस्तुलाने. एका पराभूत सैन्याचे ते शस्त्र ग्वाल्हेरमध्ये मारेकऱ्याच्या हाती आले होते. केनेडींच्या रायफलीचे आणि गांधीजींच्या मारेकऱ्याच्या पिस्तुलाचे मूळ एकच, मुसोलिनीचे सैन्य. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

गांधीजींचे शस्त्रांविषयीचे मत मात्र आपण समजतो तितके सरळ नव्हते. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगण्यास मनाई केली होती आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली होती. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना गांधीजींनी आपल्या पत्रकात या कायद्याला ब्रिटिश राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणले. त्यांचा रोष बंदुकीच्या प्रेमापोटी नव्हता. ज्याच्या हातातून शस्त्र हिसकावून घेतले आहे त्याच्या अहिंसेला किंमत नाही, ती दुर्बळाची अहिंसा होय, असा त्यांचा विचार होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्या हक्काची आठवण करून दिली ती मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेल्या हरि विष्णू कामथ यांनी. डॉ. आंबेडकरांनी त्यांना थेट विचारले की, गुन्हेगारासह प्रत्येकाला हा हक्क द्यावयाचा काय? शस्त्र कोणी बाळगावे हे ठरविण्याचा अधिकार राज्याकडेच असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे पडले आणि हक्क घटनेत आला नाही. कोणत्या बाजूने मत द्यावे, असे मला आज विचारले तर मी डॉक्टरांच्या बाजूने देईन. पण कामथांचा प्रश्न हास्यास्पद नव्हता. नि:शस्त्र केलेल्या पिढीचा तो प्रश्न होता.

१९५९ च्या शस्त्रकायद्याने आणि त्याखालील नियमांनी ही रेघ पक्की केली. ३०३ किंवा ७.६२ ची लष्करी गोळी घेऊ शकणारी रायफल, ४१० ची मस्केट, ही सर्व निषिद्ध बोअरची हत्यारे ठरली. सामान्य परवानेदारासाठी ईशापूर त्याच ली-एन्फिल्डच्या धर्तीवर ३१५ बोअरची रायफल बनवी. शिकारीचे दिवस होते तोवर ती मालगुजारांच्या वाड्यात दिसे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येऊ लागली. चालू न शकणारी पुराणी बंदूक शोभेसाठी ठेवता येते. नागपूरच्या अजब बंगल्यात जुनी शस्त्रे काचेआड पाहता येतात. पण आमचा तरुण ती रायफल घेऊन पुलगावला येऊ म्हणेल तर ती त्याला आपल्या घरात ठेवता येणार नाही. ज्या देशाने घडविली त्या देशात तिला संग्राहक नाही. ज्यांना ती परवाना न विचारता हवी होती असे एकच गिऱ्हाईक येथे होते, ते म्हणजे चंबळच्या खोऱ्यातील बागी. त्यांपैकी वीस जणांनी १९६० च्या मेमध्ये आपल्या बंदुका एका पायी चालणाऱ्या कृश माणसापुढे ठेवल्या. त्याचा आश्रम पवनारला, धाम नदीच्या काठी, वर्ध्यापासून दोन-अडीच कोसांवर. विनोबांनी त्या बंदुकांचा संग्रह केला नाही, हे सांगावयास नकोच.

तर सेवाग्राम आणि पवनार या जिल्ह्याच्या एका अंगाला आहेत. तेथून चाळीसएक किलोमीटर पश्चिमेला, मुंबईच्या लोहमार्गावर, वर्धा नदीजवळ पुलगाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे दारूगोळ्याचे मध्यवर्ती कोठार उभे राहिले. देशाच्या पोटात, कोणत्याही सरहद्दीपासून दूर, आणि रेल्वेच्या काठावर अशी जागा सेनापतींनी हेरली. त्याच वर्षांत, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, जिल्ह्याच्या उत्तरेस आष्टीच्या पोलीस ठाण्यापुढे गोळीबार झाला. सत्याग्रही पडले, आणि चिडलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूरला तसेच घडले. चिमूरच्या स्त्रियांवरील अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भणसाळी यांनी त्रेसष्ट दिवस उपास केला. आश्रम, ठाणे आणि कोठार ही तिन्ही या एका जिल्ह्यात, एका पिढीच्या डोळ्यांसमोर होती. आमचे लोक मात्र ती तिन्ही एका वेळी मनात आणीत नाहीत. सेवाग्रामला सहली जातात. पुलगावच्या डेपोत नोकरी लागावी म्हणून नोवेना केल्या जातात.

मी या नोकरीला नावे ठेवीत नाही. तीस वर्षे ज्यांच्या घरी मी चहा घेतला ती घरे या पगारावर उभी राहिली आहेत. आमच्या तरुणाच्या वडिलांनी मला अनेकदा सांगितले आहे : काडेपेटी आणि बिडी फाटकावर काढून ठेवावयाची, पेट्या ढकलावयाच्या नाहीत तर उचलावयाच्या, प्रत्येक पेटीवरचे साल आणि लॉट वाचावयाचे. रायफल पन्नास वर्षे तेलात ठेवली तर पन्नास वर्षांनी चालते. दारूगोळ्याचे तसे नाही. त्यातील रसायने म्हातारी होतात, पाझरतात, लहरी बनतात. रायफल निवृत्त झाली की तिला अमेरिकेत किंमत येते. गोळा निवृत्त झाला की तो नष्टच करावा लागतो. उघड्या माळावर खड्डे खणून त्यांत जुने गोळे रचतात, वर सुरुंग ठेवतात, मातीच्या पोत्यांनी झाकतात आणि लांब जाऊन बार उडवितात. खड्डे खणण्यास आणि पेट्या उतरविण्यास आसपासच्या खेड्यांतील मजूर रोजंदारीवर येतात. बार झाल्यावर मातीत पितळ, तांबे, लोखंड यांचे तुकडे राहतात. त्यांना भंगारात भाव येतो.

३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर कोठारात रणगाडाविरोधी सुरुंगांच्या शेडला आग लागली. स्फोटाच्या हादऱ्याने भोवतालच्या गावांतील माणसे अंथरुणावरून उठून रस्त्यावर आली. मृतांचा आकडा वाढत वाढत एकोणीसवर गेला. त्यांत दोन अधिकारी, पहाऱ्याचे जवान आणि आग विझविण्यास धावलेले अग्निशामक दलातील कर्मचारी होते. आगीपासून पळून न जाता तिच्याकडे धावलेल्या या माणसांसाठी त्या जून महिन्यात मी जी मिस्सा अर्पण केली, तिच्यात प्रवचन करणे मला जमले नाही.

दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी, सोनेगाव (आबाजी) जवळच्या त्या माळावर जुन्या गोळ्यांच्या पेट्या उतरविताना स्फोट झाला. सहा जण मेले. त्यांत सोनेगाव आणि केळापूर या गावांचे मजूर होते. हे सैनिक नव्हते. त्यांनी आयुष्यात कधी रायफल हातात धरली नव्हती. ज्या गोळ्यांनी कोणत्याही रणांगणावर कोणाला मारले नाही, त्या म्हातारपणी, मोडीत निघताना, वर्धा जिल्ह्यातील कापूस वेचणाऱ्या घरांतील माणसांना मारून गेल्या. शेतात कापूस असताना हे लोक तेथे का गेले, असे एका शहरी पाहुण्याने मला विचारले होते. कापसाच्या भावाविषयी ज्याला काही ठाऊक आहे तो हे विचारणार नाही.

१९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल युखारिस्तिक परिषदेसाठी मुंबईला आले होते. त्या दर्शनाची आठवण सांगणारी पिढी आता फार थोडी उरली आहे. ४ डिसेंबरला त्यांनी पत्रकारांकरवी जगातील राष्ट्रांना एक विनंती केली : शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग तरी बाजूला काढावा आणि त्यातून दरिद्री जनतेसाठी एक जागतिक निधी उभा करावा. १९६७ च्या आपल्या परिपत्रकात त्यांनी या मुंबईच्या आवाहनाची पुन्हा आठवण दिली. निधी काही उभा राहिला नाही. मुंबईत हे शब्द उच्चारले जात असताना ईशापुरात टू-ए रायफली घडत होत्या, आणि आपल्या खानदेशात भुसावळजवळ वरणगाव येथे त्यांच्या गोळ्यांचा कारखाना उभारला जात होता. नुकताच एक पराभव झाला होता. घडविणाऱ्यांना तरी दोष कसा द्यावा? हा विरोध मला आजही सोडविता आलेला नाही. यशया संदेष्ट्याचे ते तलवारींचे आणि नांगरांचे स्वप्न आगमनकाळात आम्ही दरवर्षी वेदीवरून वाचतो, आणि वाचून झाल्यावर पुलगावच्या कामगारांना ख्रिस्तशरीर देतो.

छायाचित्र दाखविण्यास मी नाताळच्या आठवड्यात त्या वडिलांकडे गेलो. चष्मा लावून त्यांनी ते बराच वेळ पाहिले. मुलाचा चेहरा आधी पाहिला, मग रायफल. त्यांच्या मुद्रेवर अभिमान होता की खेद, हे मी सांगू शकत नाही. रायफलीविषयी ते काही बोललेच नाहीत. "गोळी कुठली वापरते तो?" एवढेच त्यांनी विचारले. मी तेथूनच मुलाला फोन लावला. त्याने एक काडतूस उलटे धरून तळावरची अक्षरे वाचून दाखविली : ओ. एफ. व्ही., आणि सालाचे दोन आकडे.

"वरणगाव," म्हातारा ताबडतोब म्हणाला. तीस वर्षे त्याने ती अक्षरे पेट्यांवर वाचली होती. मग बोटांवर त्याने वर्षे मोजली. "लय जुनी हाये. दारूवर भरोसा ठेवू नको म्हणा त्याले, फादर." थोडे थांबून त्याने फोन माझ्या हातातून स्वतःकडे घेतला. नातू आता चार वर्षांचा आहे, हे मला ठाऊक होते.

"अन् डब्बा कुठी ठेवतं रे तू तो, घरात?"

पलीकडून उत्तर यायला जरा वेळ लागला.